रोबोटिक्सचा सीझन संपला. तुमच्याकडे नेमकं काय जमलं?

भौतिकवाल्या बाई

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. यंदा आम्ही पहिल्यांदाच फर्स्ट लेगो लीगमध्ये, म्हणजे शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत, उतरलो. आठ मुलं, स्पाइक प्राइम या लेगोच्या रोबो-संचाचा एक डबा आणि गावच्या सुतारानं करून दिलेलं आठ बाय चारचं टेबल. विषय समुद्राचा, 'सबमर्ज्ड'. आठांपैकी सहा मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही, पण ते असो.

टेबलावर लेगोची मॉडेलं मांडलेली असतात, रोबोनं आपला आपण जाऊन त्यांच्यावरची कामं करायची. प्रादेशिक फेरीत रोबो तीनदा पळवायचा, प्रत्येक वेळी अडीच मिनिटं, आणि त्यातला सगळ्यांत चांगला स्कोअर धरायचा. आमचा सगळ्यांत चांगला होता ९५. परतीच्या गाडीत सगळी खिडकीकडे तोंड करून बसली होती. सोमवारी फळ्यावर दोन रकाने आखले, 'काय चुकलं' आणि 'काय जमलं'. पहिला दहा मिनिटांत भरला, फळा पुरेना. दुसऱ्यात एकानं लिहिलं, 'जेवण चांगलं होतं.'

म्हणून विचारते. तुमच्या सीझनमध्ये अशी कोणती गोष्ट जमली जी पुढच्या वर्षी जशीच्या तशी ठेवाल? जिद्द, टीमवर्क वगैरे नको, ते मी प्रगतिपुस्तकात लिहीतच असते. हाताला लागेल असं काहीतरी सांगा.

लगोरीवाला

मॅडम, माझा अनुभव कॉलेजातला, रोबोकॉन या रोबो स्पर्धेचा. २०२२ साली आशियाई फेरी दिल्लीत होती आणि विषय चक्क लगोरी. लहानपणी सगळ्यांनीच खेळलेली, त्यामुळे आम्हाला वाटलं हे काय, डाव्या हातचा मळ. पाच चकत्या चेंडूनं पाडायच्या, परत रचायच्या, आणि रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला असतो तो समोरच्या टीमनं उडवायचा. फेकायची यंत्रणा शेवटपर्यंत आमच्या मनासारखी झाली नाही.

एक मात्र जमलं. रोबो पूर्ण व्हायची वाट न बघता आम्ही ड्रायव्हर आधीच ठरवला आणि त्याला गेल्या वर्षीचा नुसता चाकांचा सांगाडा देऊन रोज तासभर मैदानात सोडला. खरा रोबो हातात आला तेव्हा त्याचा हात बसलेला होता. तुमच्याकडे रोबो स्वतःच चालतो हे माहीत आहे, पण टेबलाशी उभं राहून रोबोच्या जोडण्या, म्हणजे कामाप्रमाणे लावायचे सुटे भाग, बदलणारी मुलं असतातच ना? त्यांचा हात आधी बसवा.

जुना मेकॅनिक

बाई, नमस्कार. मी रत्नागिरीचा. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होतो, आता निवृत्त. नात सातवीत आहे. तिच्या शाळेच्या टीमजवळ 'कोणीतरी मोठं माणूस बसायला हवं' म्हणून मला बसवलं आणि मी बसलो तो सीझन संपेपर्यंत उठलो नाही. कोडिंग मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही.

आमच्याकडे जमली ती वही.

डेपोत गाडी आली की ड्रायव्हर लिहून देतो, ब्रेक लांब लागतो, स्टिअरिंग डावीकडे ओढतं. त्याच्याखाली मेकॅनिकनं काय केलं ते लिहायचं. पोरांना म्हटलं, तुमची ही पण गाडीच. रोबो जितक्या वेळा धावेल तितक्या ओळी. तारीख, वेळ, बॅटरी किती, कुठलं काम, जमलं का, आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. बदल एका वेळी एकच. पहिले पंधरा दिवस मुलं माझ्यावर जाम वैतागली. त्याआधी एक जण चाक बदलायचा, त्याच वेळी दुसरी प्रोग्रॅममधला वेग कमी करायची, आणि मग सुधारलं ते कशानं हे ब्रह्मदेवाला विचारायची पाळी.

ऑक्टोबरात वहीनं पैसे वसूल केले. टेबलावरच्या लेगोच्या शार्कला गुहेतून बाहेर काढायचं काम शनिवारी दहापैकी नऊ वेळा जमे आणि रविवारी दहापैकी तीन. मुलांचं एकमत, रोबो किती वळला ते मोजणारा जायरो बिघडला, तो ज्यात असतो तो हब, म्हणजे रोबोचा मेंदू, नवा मागवा. नवा हब म्हणजे केवढ्याला ते तुम्हाला माहीत आहे. नातीनं वही पुढ्यात घेतली, तीन आठवड्यांच्या ओळींवरून बोट खाली नेत नेत वाचलं, आणि मला विचारलं, "आजोबा, रविवारी टेबल कुठे असतं?"

रविवारी प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून शनिवारी संध्याकाळीच आम्ही टेबल पडवीत ओढून ठेवायचो. आणि आमच्याकडच्या पडवीला उतार असतो, पावसाचं पाणी अंगणात जावं म्हणून. डोळ्याला दिसत नाही एवढा. शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ आणली, टेबलावर ठेवली, बुडबुडा पार कडेला जाऊन बसला. दोन पायांखाली लाकडाच्या पाचरा मारल्या. दहापैकी नऊ. मुलं नाचली, मी पाणसळ परत द्यायला गेलो. तेव्हापासून त्यांनी टेबलावर विश्वास ठेवणंच सोडलं. लांब जायचं असेल तर रोबो आधी मागे येऊन टेबलाच्या भिंतीला पाठ टेकवतो, सरळ होतो आणि मगच निघतो. धावण्याआधी टायर ओल्या फडक्यानं पुसायचे हेही वहीतूनच निघालं.

दुसरं जमलं ते रोबो उचलणं. हे ऐकायला विचित्र वाटेल. रोबो घराबाहेर, म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यातल्या आखलेल्या जागेबाहेर, असताना हात लावला की सुरुवातीला मिळालेल्या सहा लाल चकत्यांमधली एक जाते, आणि शेवटी उरलेल्या चकत्यांचे गुण मिळतात. पण नियम नीट वाचा. सहा उरल्या तरी ५० गुण आणि पाच उरल्या तरी ५०. म्हणजे पहिली चकती फुकट. दुसरी गेली की ३५. हे मुलांना कळलं होतं, तरी हात पुढे येत नसे. अडकलेल्या रोबोकडे सगळी बघत उभी, जसा तो आपोआप सुटणार आहे. मग आम्ही उचलायचा सराव केला. मी मुद्दाम वाटेत पट्टी आडवी टाकायचो आणि एकीनं मनात तीन मोजून उचलायचं. तिसऱ्या फेरीत बुडालेल्या जहाजाची डोलकाठी उभी करताना रोबोचा हात तिथेच अडकला. मोटर घुंघुं करतेय. ती पोरगी पुढे झाली, उचलला, घरात आणला, जोडणी बदलली, पुढचं काम सुरू. सात सेकंद. पहिल्या दोन फेऱ्यांत १८० आणि १५५ होते, त्या फेरीत २४५.

व्हेलला क्रिल, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव, भरवायचं काम मात्र आमच्याच्यानं शेवटपर्यंत झालं नाही. पाचपैकी दोन तोंडात, तीन चटईवर.

रोबोसोबत स्पर्धेच्या विषयावर एक प्रकल्पही करायचा असतो, त्याचं थोडक्यात सांगतो. मुलांना आधी पाण्याखालचा ड्रोन करायचा होता. मी त्यांना मिरकरवाड्याला, आमच्या मासेमारी बंदरावर, घेऊन गेलो. एका तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, जाळं विणता विणता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो तुमचा ड्रोन जाळ्यात गावला तर कापायचा कोणी?" ड्रोन तिथेच बुडाला. पण त्याच्याच बोलण्यातून दुसरं निघालं. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडला, तर राज्य शासन नुकसानभरपाई देतं, २५ हजारांपर्यंत. २०१८ च्या डिसेंबरपासून योजना आहे. मात्र सोडतानाचा फोटो लागतो. आता भर समुद्रात, हाताला माशांचा चिकटा, मोबाइलची काच बोट ओळखत नाही, आणि इकडे जनावर तडफडतंय. फोटो काढणार कोण? मुलांनी केबिनच्या खांबाला लावायचा मोबाइलचा चिमटा केला आणि सेल्फी काठीचं बटण प्लास्टिकमध्ये सीलबंद करून दिलं, कोपरानं दाबता येईल असं. तांडेलानं महिनाभर बोटीवर ठेवलं. कासव काही सापडलं नाही, बर्फाच्या पावत्यांचे फोटो मात्र भरपूर निघाले. परीक्षकांना मुलांनी हे सगळं असंच सांगितलं, ड्रोन बुडाल्यासकट. त्यांनी सगळ्यांत जास्त प्रश्न तांडेलाविषयीच विचारले.

राष्ट्रीय फेरीला आमचा नंबर लागला नाही.

डोंबिवलीची आई

काका, वाचायला छान वाटलं, पण स्पष्टच विचारते, राग मानू नका. वही तुमची कल्पना, पाचरा तुम्ही मारल्या, मिरकरवाड्याला तुम्ही नेलं. यात मुलांचं किती? आमच्या मुलाच्या टीमला यंदा समोर असे रोबो दिसले की त्यातला स्क्रूसुद्धा मुलांना सांगता येत नव्हता. (लेगोत स्क्रू नसतो हे मलाही माहीत आहे, बोलायची पद्धत.) मुलं हिरमुसतात हो.

जुना मेकॅनिक

राग कसला ताई, प्रश्न बरोबर आहे. आणि चोरी माझी पकडलीही गेली आहे, ती सांगतो.

नोव्हेंबरात संच आमच्या घरी होता. रात्री जेवण झाल्यावर बघितलं तर पुढच्या हाताचा गिअर लुजा. ३१ वर्षांची सवय. म्हटलं कोणाला कळतंय, दांड्यावर एक बुश, म्हणजे छोटी कडी, घातला, खेळ काढून टाकला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी रोबो हात दोन बोटं जास्त वर उचलायला लागला. मुलांनी वही काढली. शेवटची ओळ आदल्या संध्याकाळची, बदल काहीच नाही. नातीनं खाली लाल पेनानं लिहिलं: 'रात्री जेवणानंतर कोणीतरी हात लावला. आजोबा?'

सही करायला लावली. शिक्षाही झाली, बुश काढून परत लुजा गिअर बसवून दिला. मग त्यांचं त्यांनी ठरवलं की खेळ कसा काढायचा, आणि त्यांनी बुश नाही घातला, हातच उलटा फिरवून वजन दुसऱ्या बाजूला नेलं. माझ्यापेक्षा बरं केलं का? माझ्या मते नाही. पण परीक्षकांनी विचारलं तेव्हा सहावीतल्या पोरानं हात उलटा का, हे दोन वाक्यांत सांगितलं. बुश का, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्यानंतर मी टेबलाशी बसताना दोन्ही हातांत फडकं धरून बसायचो. हात रिकामे राहिले की ते जातातच.

भौतिकवाल्या बाई

काका, तुमचं उत्तर मी आज वर्गात वाचून दाखवलं. 'आजोबा?' ला सगळी हसली. त्यानंतर आमच्यातली एक उठून म्हणाली, आपलंही एक जमलं होतं. दुसऱ्या फेरीत शेजारच्या टेबलावरच्या टीमची चार्जिंगची वायर तुटली होती, ती हिनं आपली काढून दिली होती. मला हे माहीतच नव्हतं. फळ्यावर जेवणाच्या खाली लिहिलं. मग अजून दोन निघाली.

लगोरीवाले, तुमचंही पटलं. जोडण्या बदलायचा सराव जूनपासूनच सुरू करतो, जुन्या जोडण्यांवरच.

काका, एक राहिलं. वही कसली घ्यायची, रेघी की चौकटीची? आणि मोबाइलवर तक्ता करून ठेवला तर चालेल का?

जुना मेकॅनिक

मोबाइल नको, बाई. हाती आला की पोरं तक्ता सोडून बाकी सगळं बघतात. साधी रेघी घ्या, जाड पुठ्ठ्याची, पेन दोऱ्यानं बांधून. शंभर पानी नको, दोनशे पानी घ्या. आमची शंभर पानी नोव्हेंबरातच भरली, आणि पुढचं सगळं नातीच्या भूगोलाच्या वहीत मागून लिहिलेलं आहे. भूगोलाच्या बाई अजून ती मागतायत.