टायरपासून डिझेल निघतं म्हणे, प्लांट टाकावा का?

माळावरचा: बार्शीजवळ आमचा एक एकर माळ पडून आहे. मामांच्या ओळखीचा एक जण दहा टनी पायरोलिसिस प्लांट, म्हणजे बंद भांड्यात तापवून तेल काढायचा, घ्या म्हणून मागे लागलाय. जुने टायर, प्लास्टिक भरायचं, डिझेल काढायचं, ट्रॅक्टरही त्यावरच चालवायचा, असं म्हणतो. बाटलीत नमुना देऊन गेला. रंग काळ्या चहाचा, पण झाकण उघडलं की आई घरात थांबत नाही. कुणाला अनुभव?

वाड्याचा फिटर: दादा, पालघरमधल्या वाड्याला अशाच प्लांटवर चार वर्षं काढलीत. त्याला डिझेल म्हणू नका, ते भट्टीचं तेल. रोलिंग मिलवाले, डांबर प्लांटवाले नेतात. टायरच्या रबरात गंधक असतं, ते तेलात उतरतं, साधारण टक्काभर. बीएस-६ डिझेलला दहा लाखांत १० भाग एवढीच मुभा. ट्रॅक्टरचा पंप नि नोझल दोन्ही घालवाल.

१० टन टायरमागे तेल चार-साडेचार टन, काळी पावडर तीन-साडेतीन टन, तार टन-सव्वा टन. उरलेला वायू त्याच भट्टीखाली जाळतात. तार भंगारवाला नेतो, तेल हातोहात जातं. पावडरीला गिऱ्हाईक शोधत बसायचं. आमच्याकडे पावसात गोण्या फुटल्या, ओढा काळा झाला, गाव मालकाच्या दारात.

पण खरी भीती दार उघडताना. आत हवा नसते म्हणून ४००-५०० अंशांवरही टायर पेटत नाही, त्याची वाफ होते. भांडं निवायच्या आत दार उघडलं, की हवा शिरते आणि उरलेला वायू, गरम पावडर भडकते. रात्रभर थांबायला हवं. आमचा मालक पहाटेच ओरडायचा, "ट्रक उभाय, बोल्ट ढिले करा." एकदा दोनच बोल्ट सोडले आणि फटीतून जाळ अंगावर आला. डाव्या भुवईवर अजून केस नाहीत. पाना तिथंच टाकून घरी आलो.

माळावरचा: बापरे! मग नुसतं प्लास्टिक घातलं तर?

प्रयोगशाळेतली ताई: कुठलं प्लास्टिक, त्यावर आहे. दुधाच्या पिशव्या, घमेली, थर्माकोल चालतं. पीव्हीसीचा पाईप चुकून गेला तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन लोखंड खातं. पाण्याच्या बाटल्यांचं तेल होत नाही, पूड धरून नळ्या चोंदतात. म्हणजे निवडायला बायका लावा, त्यांची मजुरी धरा. आणि बाहेरदेशचे स्वस्त टायर मिळतील असं तो म्हणाला असेल, तर तेल काढण्यासाठी त्यांच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे. प्रदूषण मंडळाच्या संमतीशिवाय खड्डासुद्धा खणू नका.

वाड्याचा फिटर: दादा, त्याला एवढंच विचारा, दार उघडायच्या आधी आतला वायू हुसकायला नायट्रोजनची सोय आहे का?

माळावरचा: विचारलं काका. म्हणाला, "नायट्रोजन कशाला? टायर फाडून घालायचेत, हवा भरायची नाहीये."