मदत हवी आहे: लेक जुनी खेळणी द्यायला तयार आहे, पण फक्त तुटकी

नमस्कार मंडळी, लेक साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत. घरात खेळण्यांचा नुसता उच्छाद झालाय. वाढदिवसाची, रिटर्न गिफ्टची, मामाने दुबईहून आणलेली, काही तर माळ्यावर खोक्यातच पडून आहेत. त्यातली निम्मी तरी आता तिच्या वयाची राहिलेली नाहीत, म्हणजे आकार ओळखायचा डबा, कापडी पुस्तकं, दोरीने ओढायचं बदक वगैरे, यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. म्हटलं दिवाळीच्या साफसफाईत तिच्याच हातून कुणाला तरी देऊया, पसारा पण कमी होईल आणि पोरीला द्यायची सवयही लागेल.

तर बाईसाहेब एकदम उत्साहात. पिशवी घेऊन बसल्या. थोड्या वेळाने बघते तर आत काय, एक पाय नसलेली बाहुली, चाक निघालेला जेसीबी, सुकलेली स्केचपेनं आणि अर्ध्या पझलचे तुकडे. म्हटलं अगं याच्याशी कोण खेळणार, तर म्हणे "गरीब मुलांना चालतं ना आई".

मला कसंतरीच झालं. आता हे ती कुठून उचलते ते काय सांगायला नको, आपल्याकडे विटलेली चादर निघाली की पहिलं वाक्य "मावशींना विचार हवी का" हेच असतं, मुलं ऐकत असतात. आणि मी एखादं धड खेळणं पिशवीत टाकलं की "ते माझ्या लहानपणीचं आहे!" म्हणून लगेच बाहेर. तो आकारांचा डबा तर मी काढला त्या दिवसापासून मांडीवर घेऊन बसलीये.

नवरा म्हणतो ती झोपली की गुपचूप देऊन टाक, तिला कळणारही नाही. सासूबाई म्हणतात लहान आहे, जबरदस्ती नको, आम्हाला साठीतही सुटत नाही. मला दोन्ही पटत नाहीये. मग करायचं काय? आणि नाशिकमध्ये कुठे देता येईल, तिला सोबत न्यावं का, तेही सांगा प्लीज.

रिकामी_खुर्ची: मुळात एवढी खेळणी घेताच कशाला? आम्ही काड्यापेट्यांची आगगाडी करून मोठे झालो.

धागाकर्ती: घेतली नाहीयेत हो दादा, आलीयेत. तुम्ही वाढदिवसाला काड्यापेट्या नेता का?

कैरीपन्हं: गुपचूप अजिबात देऊ नका. आमच्या चिरंजीवांना बरोब्बर त्याच आठवड्यात ती गाडी आठवली होती, पुढचे कित्येक दिवस कपाटाला पहारा. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून एक सांगते. २०१३ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या चेर्नियाक आणि कुशनीर या दोघींचा एक प्रयोग आला होता, तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर. उदास झालेल्या बाहुल्याला स्वतःचं स्टिकर द्यायचं का ठेवायचं हे ज्यांनी स्वतः ठरवलं, त्यांनी नंतर दुसऱ्या बाहुल्यालाही जास्त स्टिकर्स दिली, आणि ज्यांना "द्यायचंच आहे" असं सांगितलं होतं ती मागे राहिली. तेव्हा निवड खरीखुरी तिची असू द्या, नाही म्हणायची मुभा धरून. फक्त प्रश्न बदला. "तुला काय नको?" विचारलं की तुटकंच निघणार, त्यात तिची काय चूक? त्यापेक्षा "शेजारच्या दोन वर्षांच्या बाळाला यातलं काय आवडेल?" असं विचारून बघा. समोर ठरावीक बाळ असलं की मुलं वेगळा विचार करतात. आणि लाडका टेडी त्या ढिगात आणूच नका, तिला वाटेल सगळंच जाणार.

डोंगरवाट: माझी बहीण इगतपुरीकडे अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. दिवाळीनंतर शहरातून गोण्या येतात आणि त्यातलं कितीतरी तिला आणि मदतनीस ताईंना बसून फेकावं लागतं, कचऱ्याचं काम तेवढं वाढतं. तिच्याकडे ३ ते ६ वयाची मुलं. त्यांना चालतं काय तर ठोकळे, चेंडू, भातुकली, मोठ्या तुकड्यांची पझलं, चित्रांची पुस्तकं. रिमोटच्या गाड्या नकोत, सेल संपला की पाड्यावर नवा कोण आणतंय. टेडी धुवून कडक उन्हात वाळवलेला असेल तरच. पझल देताना तुकडे मोजून पिशवीवर आकडा लिहा, एक जरी कमी असला तरी मुलं शेवटी रडकुंडीला येतात. चपटे बटण सेल असलेलं काहीही देऊ नका, पोराने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. आणि आधी फोन करून काय हवंय ते विचारा.

लेकीला जरूर न्या, पण खेळायला न्या. तासभर तिथल्या मुलांबरोबर खेळू दे. रांगेत उभं करून एकेकाच्या हातात वस्तू ठेवायची आणि फोटो काढायचे हे बहिणीला बिलकुल आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मुलांनाही नाही.

कैरीपन्हं: +१. मावशींच्या मुलीला द्यायचं असेल तरी आधी मावशींना एकटीला गाठून विचारा, सगळ्यांसमोर नाही म्हणणं त्यांना जड जातं. शिवाय आपली कन्या उद्या "ती माझी बाहुली आहे" म्हणून परत मागायला जाईल ते वेगळंच. दूर द्यायचं असेल तर 'गूंज' ही सामाजिक संस्था कपड्यांबरोबर खेळणीही घेते, १९९९ पासून काम करतायत. २ ते ८ ऑक्टोबरला दान उत्सव असतो, तेव्हा ऑफिसांमधूनही गोळा करतात, पण तो यंदाचा झाला.

धागाकर्ती: खूप आभार सगळ्यांचे. शेजारच्या बाळाचा प्रश्न आज विचारून बघितला. तिने बराच वेळ विचार करून दोरीचं बदक काढलं, मग म्हणाली याची दोरी मळलीये, नवी लावूया का. आकारांचा डबा मात्र अजून मांडीवरच आहे, असू दे. डोंगरवाट, बहिणीच्या नंबरसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. अजून एक, ती कापडी पुस्तकं मशीनला टाकली तर चालतात का?

डोंगरवाट: चालतात, उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारा आणि थंड पाण्यात टाका. आत करकर वाजणारा कागद असेल तर पिळू नका, हाताने दाबून पाणी काढा. दिवाळीत नका जाऊ, अंगणवाडीला सुट्टी असेल, आधी फोन करा.