'नागरिक', 'रयत' की 'उपरी'? रोमन ब्रिटनमधील पात्रांचा दर्जा सांगणारे शब्द

मूळ प्रश्न

आम्ही पाच जण दर रविवारी मराठीतून भूमिकाखेळ खेळतो आणि सध्या सूत्रधाराचे काम माझ्याकडे आहे. कथानक इ.स. ६० मधल्या ब्रिटानिया प्रांतात घडते. रोमन सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने तिथे पाऊल ठेवल्याला तेव्हा सतरा वर्षे झाली होती, आणि कामुलोदूनुम, म्हणजे आजचे कोल्चेस्टर, इथे निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत उभी राहिली होती. आम्ही अद्भुताची भर एवढीच घातली आहे की तिथल्या देवता हाक मारल्यावर खरोखर उत्तर देतात. एका खेळाडूने आपले पात्र बेतताना कागदावर 'इकेनी जमातीचा नागरिक' असे लिहिले, आणि दुसऱ्याच बैठकीत घोळ झाला. करवसुलीला आलेल्या माणसांनी त्या पात्राला फटके मारायचे ठरवले, तेव्हा खेळाडूने आक्षेप घेतला की रोमन कायद्याप्रमाणे नागरिकाला चौकशीविना फटके मारता येत नाहीत. कायदा त्याने बरोबर सांगितला होता, चुकला होता तो शब्द.

आज मराठीत 'नागरिक' म्हटले की देशातला कोणीही माणूस डोळ्यांसमोर येतो. त्या काळच्या ब्रिटनमध्ये मात्र बहुसंख्य माणसे गुलाम नव्हती आणि नागरिकही नव्हती. लॅटिनमध्ये अशा माणसाला 'पेरेग्रिनुस' म्हणत, म्हणजे मुळात परगावचा, बाहेरचा. 'प्रजा' फार ढोबळ वाटते आणि 'परकीय' म्हटले तर माणूस दुसऱ्या देशातून आल्यासारखा वाटतो. ह्यासाठी नेमका मराठी शब्द कोणता वापरावा?

पहिला प्रतिसाद

प्रथम 'रयत' सुचतो, पण तो मी बाद करीन. रयत म्हणजे मुख्यतः जमीन कसणारी, सारा भरणारी माणसे. इकेनींमधला रथ हाकणारा, गळ्यात सोन्याचा पिळाचा गोफ घालणारा सरदारपुत्र स्वतःला रयत म्हणवून घेणार नाही. शिवाय 'रयतेचा राजा' ह्या शब्दयोजनेमुळे आपल्याकडे त्या शब्दाला राज्यकर्त्याच्या ममतेची छाया आली आहे, आणि तेव्हाचा सम्राट नीरो ह्याच्या कारभाराला ती शोभत नाही.

माझी सूचना 'उपरी' ही आहे. मराठेशाहीतल्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेचा असे आणि गावच्या कारभारात त्याला मान असे. उपरी त्याच गावात राहून जमीन कसत असला, तरी त्याचा हक्क ठरलेल्या बोलीपुरताच असे. दोघे शेजारी राहतात, दोघेही स्वतंत्र असतात, पण चावडीवर दोघांच्या शब्दाचे वजन वेगळे पडते. नागरिक आणि पेरेग्रिनुस ह्यांच्यातले अंतर मराठी माणसाला ह्याहून लवकर कळेल असे मला वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील सूचना आकर्षक आहे, पण ती उलटी पडते. उपरी हा बाहेरून येऊन वसलेला असतो. इथे बाहेरून कामुलोदूनुमला आले ते रोमन सैनिक, आणि पिढ्यान्पिढ्यांची जमीन ज्यांच्याकडून हिसकावली गेली ते त्रिनोवांतेस लोक मूळचे तिथलेच होते. म्हणजे खऱ्या मिरासदाराला कायदा उपरी म्हणत होता. हा विरोधाभास लॅटिन शब्दातही आहे, म्हणून 'उपरी' मला चालेल, परंतु तो रोमन पात्रांच्या तोंडीच असावा. इकेनी पात्र स्वतःबद्दल बोलताना फक्त 'इकेनी' म्हणेल आणि पुढे बापाचे नाव सांगेल.

जाता जाता 'जमात' ह्या शब्दाविषयी. आज तो सरकारी यादीतला शब्द झाला आहे, आणि 'टोळी' म्हटले तर दरोडेखोर आठवतात. मी 'गण' लिहीन.

मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते 'मांडलिक' आणि 'खालसा' हे दोन शब्द. इकेनींचा राजा प्रासुतागुस हा रोमचा मांडलिक होता. त्याने मृत्युपत्रात सम्राट आणि आपल्या दोन मुली ह्यांना वारस नेमले. सम्राटाला वाटा दिला तर उरलेले सुखरूप राहील, असा त्याचा हिशेब होता. तो मरताच रोमन अधिकाऱ्यांनी राज्य जिंकून घेतल्यासारखे लुटले, त्याची विधवा राणी बूडिका हिला फटके मारले आणि मुलींवर बलात्कार केले. तुमच्या खेळाडूच्या आक्षेपाला ह्याहून कडवट उत्तर नाही. ह्या प्रसंगासाठी 'राज्य खालसा झाले' हेच मराठी हवे, कारण १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यापासून त्या शब्दात वारसाचा प्रश्न आणि कागदाचा आधार घेऊन केलेली जप्ती असे दोन्ही अर्थ आपल्याला ऐकू येतात. मात्र एक धोका आहे. 'खालसा' म्हटले की झाशी आठवते, आणि मग प्रत्येक खेळाडू बूडिकेला पाठीशी मूल बांधून घोड्यावर बसवतो. बूडिकेच्या मुली तिच्याबरोबर रथात होत्या अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. तो रथ घोड्यात बदलू नये.

तिसरा प्रतिसाद

दर्जा वेगळ्या शब्दात लिहिण्याऐवजी तो नावातच दाखवता येतो, कारण त्या काळी तो तिथेच दिसत असे. चिचेस्टरच्या शिलालेखातल्या मांडलिक राजाचे नाव तिबेरियुस क्लॉडियुस तोगिदुब्नुस असे आहे. पहिली दोन नावे सम्राट क्लॉडियसची, म्हणजे नागरिकत्व त्याच्याकडून मिळाल्याची खूण, आणि शेवटचे तेवढे घरचे. याउलट साधा पेरेग्रिनुस एकच नाव सांगतो आणि पुढे 'अमक्याचा मुलगा' असे जोडतो. पात्रपत्रिकेत तीन नावांची जागा आखून ठेवावी आणि उपऱ्याने त्यातल्या दोन रिकाम्या सोडाव्यात. नागरिक नसलेल्यांच्या साहाय्यक पलटणीत पंचवीस वर्षे चाकरी करून सुटणाऱ्या पात्राला नागरिकत्व मिळते, तेव्हा त्याला त्या भरता येतील. 'पलटण' मी मुद्दाम म्हटले. 'शिलेदार' हा शब्द काही जण वापरतात, पण शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो आणि बराचसा स्वतंत्र असतो. साहाय्यक पलटणीतल्या स्वाराला ते लागू पडत नाही.

तुच्छतेचा शब्द हवा असेल तर तोही उपलब्ध आहे. उत्तर ब्रिटनमधल्या विंडोलांडा इथल्या रोमन छावणीत सापडलेल्या, इ.स. १०० च्या सुमाराच्या लाकडी पातळ फळ्यांपैकी एकीवर ब्रिटन लोकांच्या लढण्याच्या पद्धतीवर शेरा आहे आणि त्यात त्यांना 'ब्रितुंकुली' म्हटले आहे. आपल्याकडे 'पोर'चे 'पोरटे' होते, तशातला हा प्रकार. 'ब्रिटनटे' असे रूप रोमन शताधिपतीच्या तोंडी शोभेल. 'ब्रिटुकले' नको, त्यात लाड आहे.

चौथा प्रतिसाद

मी कोकणातला आहे, त्यामुळे देवता उत्तर देतात हे वाचून थांबलो. बाथ इथल्या गरम झऱ्यात शिशाचे व कथलाचे पातळ पत्रे सापडले आहेत. इंग्रजी लेखनाच्या प्रभावाने मराठीत त्यांना 'शापपत्रे' म्हणतात आणि खेळात त्यांची 'करणी' किंवा 'मूठ' होऊन जाते. वास्तविक करणी गुपचूप करतात आणि तिला न्यायाचा आधार लागत नाही. त्या पत्र्यांवर मात्र सूलिस देवीपुढे मांडलेली चोरीची तक्रार असते. ब्रुसेरुसचा मुलगा डोसिलियानुस देवीला सांगतो की माझा टोपीचा डगला ज्याने नेला, तो पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, त्याने तो देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस. ह्याला आमच्याकडे गाऱ्हाणे घालणे म्हणतात. 'असो वा' ची ती जोडीदेखील गाऱ्हाण्याचीच घडण आहे, कुठली फट राहू नये म्हणून बोललेली. हे पत्रे तुमच्या कथानकानंतरच्या काळातले आहेत, परंतु अद्भुत खेळात एवढी सवलत घेता येईल.

'ड्रुइड', म्हणजे ब्रिटन लोकांचा धर्म आणि न्याय पाहणारा विद्वान, हा शब्द मात्र तसाच ठेवा. 'पुरोहित' म्हटले तर न्यायनिवाडा सुटतो आणि 'मांत्रिक' म्हटले तर वीस-वीस वर्षे चालणारे पाठांतर सुटते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. 'उपरी' रोमनांच्या तोंडी, 'गण' सर्वत्र आणि 'गाऱ्हाणे' देवळात, असे ठरवतो. एकच प्रश्न राहिला. एका खेळाडूला साऊथ शील्ड्स इथल्या थडग्यावरच्या रेजिनासारखे पात्र हवे आहे. ती कातुवेल्लाउनी गणातली, पूर्वी दासी, नंतर सीरियातल्या पाल्मिराच्या बाराटेसने तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केले. तिच्यासाठी 'दास्यमुक्त' हा शब्द पुस्तकी वाटतो, आणि पेशवे दफ्तरातला 'कुणबीण' लिहिला तर ती अजून बांधलेलीच वाटते.

दुसरा प्रतिसाद देणारे

'सोडवलेली' लिहा. त्या दगडावर लॅटिनमध्ये ती मुक्त केलेली दासी आणि पत्नी आहे, तीस वर्षांची. खाली बाराटेसच्या मातृभाषेत एकच ओळ आहे आणि तिच्यात 'पत्नी' हा शब्द नाही: 'रेजिना, बाराटेने सोडवलेली, हाय!'