जागतिक बँकेचे संचालक नेमके कुणाचे? मदत हवी आहे

सांगलीत राज्यसेवेची तयारी करतोय. काल टपरीवर मित्राशी पैज लागली. तो म्हणतो, जागतिक बँकेचे २५ कार्यकारी संचालक म्हणजे आपापल्या सरकारांचे निरोपे. मी बँकेच्या स्थापनेचा करारनामा दाखवला: अध्यक्ष, अधिकारी, कर्मचारी यांची बांधिलकी फक्त बँकेशी. गडी हुशार, म्हणाला, "यात संचालक कुठं लिहिलाय?" खरंच नाही हो! शिवाय अमेरिकेत १९७७ चा कायदाच आहे, मानवी हक्क तुडवणाऱ्या देशांच्या कर्जाला विरोध करायला सरकार आपल्या संचालकाला सांगतं.

पण आपला संचालक बांगलादेश, भूतान, श्रीलंकेचंही मत टाकतो, आणि चौघांचं मत एकगठ्ठाच टाकावं लागतं, वेगवेगळं टाकता येत नाही. मग दिल्ली-ढाक्याचं जुळलं नाही तर तो ऐकतो कुणाचं? जाणकारांनी सांगा, पैज दोन पुडे भडंगाची आहे.