अंगावरून पांढरं जातंय, खाज, आणि आता नवऱ्यालाही लाल झालंय – यीस्ट इन्फेक्शनच आहे का?

निनावी_चिपळूण
नेहमीच्या आयडीवरून विचारायची लाज वाटली म्हणून नवीन काढलाय. दाढेला पू झाला होता म्हणून डेंटिस्टने अँटिबायोटिक दिलं, तो कोर्स संपता संपताच खाली भयंकर खाज सुरू झाली, रात्री झोप लागत नाही इतकी. अंगावरून पांढरं जातंय पण नेहमीसारखं नाही, घट्ट, फाटलेल्या दुधासारखा चोथा चोथा. वास असा काही नाही. लघवीला बसलं की बाहेरच्या कातडीला झोंबतं आणि तिथे सूज येऊन लालबुंद झालंय. आता नवऱ्यालाही टोकाशी लाल झालंय आणि खाजतंय, आणि तो म्हणतो तुझ्यामुळे झालं. सासूबाईंना अर्धवटच सांगितलं तर म्हणाल्या उष्णता वाढलीये, सब्जा पी. मेडिकलवाल्याने एक मलम दिलंय, खाज लगेच थांबेल म्हणाला, पण अजून लावलं नाहीये. हे यीस्टच का? पुरुषांना पण होतं का हे?

रानजाई
अगं घाबरू नकोस, बहुतेक बायकांना कधी ना कधी होतंच हे. तुरटीच्या पाण्याने धुवून बघ, नाहीतर कोमट पाण्यात डेटॉलचे दोन थेंब. माझ्या नणंदेने दही लावलं होतं, तिला बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई_मालवण
रानजाई, डेटॉल नको गं बाई! सोललेल्या कातडीवर डेटॉल आणि तुरटी म्हणजे आगीत तेल. दही जेवणात खा, तिथे लावू नकोस. ते सुगंधी इंटिमेट वॉश पण सध्या बंद. बाहेरून साधं पाणी पुरे, आत बोट घालून धुवायचं नाही.

चिपळूण, तू जे लिहिलंयस ते कॅन्डिडाचंच, म्हणजे यीस्टचंच वर्णन वाटतं. ही बुरशी निरोगी बाईच्या अंगातही थोडीफार असतेच, अँटिबायोटिकने तिला दाबून ठेवणारे चांगले जंतू मेले की ती माजते. म्हणून कोर्सनंतर सुरू झालं. प्रेग्नन्सीत, शुगर असेल तर, स्टेरॉइड चालू असतील तर पण हेच होतं. उष्णतेचा संबंध नाही, सब्जा प्यायचा तर पी, नुकसान काही नाही.

फक्त पांढरं जातंय म्हणजे यीस्ट असं नसतं हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या बलकाभोवतीचं पांढरं असतं ना तसं तार येणारं पाणी जातं, ते नॉर्मल. पातळ, राखाडीसर, आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, असं असेल तर ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बुरशीचं नाही तर जंतूंचं दुखणं, त्याला बुरशीची गोळी खाऊन काही होत नाही. पिवळट हिरवं, फेसाळ आणि वास मारणारं असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो, तो संबंधातून पसरतो आणि त्यात नवराबायको दोघांना औषध लागतं. यीस्टमध्ये वासापेक्षा खाज जास्त असते. आणि जळजळ नेमकी कुठे ते बघायचं: लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर झोंबत असेल तर तुझ्यासारखं, पण आतून जळजळ आणि सारखी सारखी लघवीला लागत असेल तर युरिन इन्फेक्शन, म्हणजे तपासणी वेगळी.

तरी पहिल्यांदाच होत असेल तर एकदा दाखवच. आणि ताप, ओटीपोटात दुखणं, रक्त, फोड किंवा जखम यातलं काहीही असेल किंवा दिवस गेलेले असतील तर घरी बसून प्रयोग अजिबात नकोत.

रात्रपाळी_चाकण
पुरुषांना होतं का याचं उत्तर मी देतो कारण मी भोगलंय. आधी टोकावर लाल, बारीक पुरळ, मग कातडीच्या आत पांढरा थर साचायचा, धुतला की दुसऱ्या दिवशी परत. पुढे कातडीच्या कडेला चिरा पडल्या आणि ती मागे घेताना जीव जायचा. कंपनीत बूट, जाड पॅन्ट, घाम, म्हणून मला वाटलं घामोळं असेल. बायकोला काहीच त्रास नव्हता. स्किनवाल्या डॉक्टरांनी बघितलं आणि मलम लिहायच्या आधी शुगर तपासायला पाठवलं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) १०.२, म्हणजे खूपच जास्त! वय ३८, घरात कोणाला डायबेटिस नाही, मला कल्पनाच नव्हती. ते म्हणाले पुरुषाला हे परत परत होत असेल तर पहिली शंका शुगरची. तेव्हा भावांनो लाजू नका, तहान आणि रात्रीची लघवी वाढली असेल तर आधी रक्त तपासा.

गोळ्यांचं_दुकान
मी फार्मासिस्ट आहे, रात्रपाळीच्या मुद्द्यात एक भर घालतो. शुगरसाठी हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन भरपूर लिहिल्या जातात. चांगली औषधं आहेत पण ती साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे या जागी बुरशीचा त्रास वाढतो, बाई असो की पुरुष. पण तेवढ्यासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, आणि लघवीनंतर जागा धुवून कोरडी ठेवा.

आणि चिपळूण ताई, त्या मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशी तीन-चार औषधं एकत्र केलेली मलमं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जातात, खाज थांबते म्हणून गिऱ्हाईक खूश, पण आत बुरशी पसरत राहते आणि तिथली कातडी पातळ होते. जांघेतल्या गजकर्णाची तर या मलमांनी वाट लागलीये. (गजकर्ण वेगळं बरं का, त्याची कड गोल, उठावदार असते आणि ते जांघेत पसरतं, अंडकोषावर सहसा येत नाही.)

निनावी_चिपळूण
बघितलं, क्लोबेटासॉलच लिहिलंय!! टाकून दिलं. मग औषध काय असतं यावर? आणि नवऱ्याला माझ्यामुळेच झालं का, घरात त्याच्यावरून शीतयुद्ध चालू आहे.

डॉक्टरीणबाई_मालवण
शीतयुद्ध थांबवा आधी. याला गुप्तरोगात धरत नाहीत, संबंध न ठेवणाऱ्या मुलींनाही होतं. तुझ्याकडून त्याला थोडं गेलेलं असू शकतं, पण काही पुरुषांना संबंधानंतर काही तासच लाली आणि खाज येते आणि ती आपोआप जाते. त्याला त्रास राहिला असेल तर त्यालाही दाखवायचं, त्रास नसेल तर नवऱ्याला उगाच औषध देत नाहीत.

औषध साधं आहे: क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी नाहीतर फ्लुकोनॅझोल १५० एमजी तोंडाने एकदाच. पण प्रेग्नन्सीत फ्लुकोनॅझोल टाळतात, आत ठेवायचंच औषध आठवडाभर देतात, त्यामुळे पाळी चुकली असेल तर आधी टेस्ट कर. रक्त पातळ करायची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही सांग. आणि ही क्रीम, आतल्या गोळ्या लॅटेक्सचा कंडोम कमजोर करतात, हे कुणी सांगत नाही.

वर्षात तीन-चारदा झालं तर मात्र दुकानातून तीच गोळी आणत बसू नकोस, स्राव लॅबला पाठवायचा आणि शुगर बघायची.

कोकणमेवा_७१
खर्चाचं बघत असाल तर सरकारी हॉस्पिटलमध्ये सुरक्षा क्लिनिक म्हणून खोली असते, तिथे तपासणी आणि औषध फुकट मिळतं, नवराबायको दोघं जाऊ शकता. माझ्या वहिनीला तिथे हिरव्या पाकिटातलं किट मिळालं होतं.

डॉक्टरीणबाई_मालवण
हो, हिरवं किट पांढरं जाण्यासाठीच असतं, त्यात फ्लुकोनॅझोलबरोबर सेक्निडॅझोल, म्हणजे जंतू आणि ट्रायकोमोनासवरचं औषध पण असतं. पण ते घेतलं तर त्या दिवसांत दारू नको, नवऱ्यालाही सांग. आणि पावसाळ्यात आतले कपडे दमट घालू नका, वाळत नसतील तर इस्त्री फिरवा, सुती वापरा. डॉक्टरांना दाखवून आलीस की कळव.