नवी गाडी घेताना इंधनाचा हिशेब कसा केलात? अनुभव लिहा

डिचोली (धागा सुरू करतोय)
घरातली हॅचबॅक आता म्हातारी झाली. यंदा पावसाआधी लिफ्टवर चढवली तर तळाला गंज. मेस्त्री म्हणाला, “हिच्यावर आता पैसे घालू नका.” म्हणजे नवी घेणं आलं.

माझं रोजचं डिचोली-पणजी, येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. सुट्टीला सासुरवाडी सांग्याला. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आई. ऑन रोड दहा लाखांच्या आत बसवायचंय. शोरूममध्ये जो तो आपलंच घोडं दामटतो: एक म्हणतो सीएनजी, दुसरा म्हणतो इलेक्ट्रिक, तिसरा म्हणतो पेट्रोलला मरण नाही.

ब्रोशरमधलं मायलेज सांगू नका, ते पाठ झालंय. काय घेतलंत, कुठे चालवता, महिन्याला किती चालते आणि वर्षभराने काय वाटतंय, एवढं लिहा.

फोंडा
वॅगनआर सीएनजी. कुर्टीहून वेर्ण्याच्या वसाहतीत रोज जातो. कागदावर किलोला 34 किलोमीटर. माझ्या हातात, एसी लावून, 27-28 पडतात. महिन्याच्या खर्चात फरक स्पष्ट कळतो, त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय दार उंच असल्यामुळे आई वाकून आत शिरत नाही, सरळ बसते. तुमच्याही आईंना घेऊन जा शोरूमला. फोटो बघून कळत नाही.

डिकीचं मात्र आधीच सांगून ठेवतो. सिलिंडर सगळी जागा खातो. एरवी चालून जातं, पण चवथीला कळतं. माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं) सामान, केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, तोरिंगं, कवंडळं, वर नारळाचं पोतं, हे सगळं मागच्या सीटवर आणि मुलं त्यावर. गणपती पुढे बायकोच्या मांडीवर. टाटाच्या काही सीएनजी गाड्यांत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान खाली बसवतात, डिकी बरीचशी वाचते. कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, माल आणणाऱ्यांनी त्या बघाव्यात.

आणखी एक. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करून घ्यावी लागते. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

पर्वरी
फोंडेकरांना विचारायचंय, गॅस भरायला रांग किती? आमच्या बाजूला संध्याकाळी टॅक्सीवाले आणि ऑफिसवाले एकदमच येतात.

फोंडा
सकाळी लवकर गेलात तर नसते. प्रेशर कमी असेल तर टाकी अर्धीच भरते, म्हणून टँकर कधी येतो ते पंपावरच्या मुलाला विचारून ठेवलंय. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप नसेल तर सीएनजी घेऊच नका. गॅस भरायला वाकडी वाट करण्यात निम्मा फायदा जातो. चोर्ला किंवा अनमोड चढताना चार माणसं आणि एसी असला की गाडी दमते. मी घाटाच्या पायथ्याशीच बटण दाबून पेट्रोलवर घेतो.

मडगाव
आम्ही दोघं निवृत्त. गाडी बाजार, डॉक्टर, मंगेशी-म्हाळसेचं दर्शन आणि महिन्यातून एकदा लेकीकडे म्हापशाला. महिन्याला साडेतीनशे किलोमीटर झाले तरी खूप. मुलगा सीएनजीच्या मागे लागला होता, मी वही काढली.

त्याच मॉडेलचा सीएनजी पर्याय साधारण 95 हजारांनी महाग. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात असं धरलं, तर तेवढे पैसे भरून यायला 47,500 किलोमीटर हवेत. आमच्या चालीने अकरा वर्षं! मी तोपर्यंत गाडी चालवीन की नाही हाच प्रश्न. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. गुडघे वाचले, ते वेगळं.

डिचोलीकर, तुमचं महिन्याचं चौदाशेच्या आसपास होईल. तुम्हाला तोच फरक तीन वर्षांच्या आत वसूल. गाडी तीच, पण तुमचं उत्तर वेगळं.

वाळपई
इलेक्ट्रिक. टियागो, 24 किलोवॅट-तासाची बॅटरी. कंपनीचा आकडा 315 किलोमीटर. पावसात एसी, वायपर, दिवे सगळं चालू ठेवून 190-200 धरतो. पणजी करून घरी आलो तरी निम्मी शिल्लक असते.

खरं काम गाडीचं नव्हतं, घराच्या वायरिंगचं होतं. आमचं जुनं जांभ्याचं घर. पंधरा अँपिअरचा सॉकेट लावला, चार्जर जोडला, की लाल दिवा लागायचा आणि चार्जिंग बंद पडायचं. इलेक्ट्रिशियनने मीटरने तपासलं तर अर्थिंग नावापुरतं. मग विहिरीकडच्या ओल्या जागेत खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, तिथून तांब्याची तार आत आणली. मग कुठे हिरवा दिवा लागला. आता उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आई आठवणीने दोन बादल्या पाणी ओतते. गाडी बुक करण्याआधी हे तपासून घ्या, जुन्या घरात राहत असाल तर नक्कीच.

पावसाळ्यात वीज जाते. म्हणून बॅटरी रिकामी व्हायची वाट बघत नाही, निम्म्यावर आली की लावतो. बेळगावला जाताना चोर्ला चढताना आकडा भराभर उतरतो. येताना उतारावर थोडा परत मिळतो, पण हिशेब बरोबरीत सुटत नाही.

फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये सॉकेटची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी “बघू” वर गाडी घेऊ नये.

बांदा
आम्ही हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातले, पण पत्रादेवी ओलांडून पेट्रोल तुमच्याकडेच भरतो. 2012 मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हा लिटरमागे अकरा रुपये उतरले होते, आमच्याकडच्या गाड्यांची रांगच लागायची. आता तुमच्याकडेही तो कर बराच वर गेलाय, 2024 मध्ये पुन्हा वाढला. तरी आमच्यापेक्षा तुमचं पेट्रोल स्वस्तच. गोवेकरांनी पेट्रोल महाग म्हटलं की आम्हाला हसू येतं.

काणकोण
माझं मत जरा जुनाट आहे. मी डिझेलवाला. मारुतीने 2020 मध्ये डिझेल बंद केलं, तेव्हापासून छोट्या गाडीत फारसे पर्याय उरलेले नाहीत. रोजचं लांबचं नसेल तर आता डिझेलच्या वाटेला जाऊ नये. थोड्या थोड्या फेऱ्यांनी धुरातली काजळी अडवणारा फिल्टर चोंदतो.

म्हापसा
पेट्रोलच घेणार असाल तर इथेनॉलचा विचार करा. पंपावर आता 20 टक्के मिश्रण येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, त्यामुळे मायलेज थोडं घसरणारच. ब्रोशरच्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करा आणि उरलेल्यावर बजेट मांडा.

किमतीचं म्हणाल तर सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्याआधीचे मित्रांचे भाव घेऊन भांडायला जाऊ नका. सीएनजीलाही तीच मर्यादा, इलेक्ट्रिकवर 5 टक्के.

मला एका शोरूममध्ये (नाव नको) कोटेशनमध्ये “हँडलिंग” आणि न मागितलेली ॲक्सेसरी लावून दिली होती. ओळ न् ओळ वाचली, दोन्ही काढायला लावली. विमाही बाहेरून घेतला, बराच स्वस्त पडला. विमा त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती ते करू शकत नाहीत.

डिचोली
सगळ्यांचे आभार. मडगावच्या काकांच्या वहीतला हिशेब माझ्या आकड्यांनी पुन्हा मांडला. साधं पेट्रोल बाद. आता सीएनजी की इलेक्ट्रिक एवढंच उरलंय. आमच्याकडेही जांभ्याचंच घर, रविवारी इलेक्ट्रिशियनला बोलावतोय. अर्थिंग धड निघालं तर वाळपईकरांची गाडी एकदा आईला घेऊन बघायला येईन, चालेल ना?

वाळपई
या की, जेवायलाच या. पण येण्याआधी फोंडेकरांची गाडीही चालवून बघा, माझ्या एकट्याच्या सांगण्यावर ठरवू नका.

पेडणे
एक राहिलं. स्टेपनी कुठे आहे ते दोन्ही गाड्यांत उघडून बघा. सीएनजीत ती उभी करून ठेवतात किंवा गाडीखाली टांगतात, काही मॉडेलांत नसतेच, नुसतं पंक्चर किट देतात. खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नाही. सांग्याच्या वाटेवर रात्री दुकान कुठलं उघडं मिळणार?