मदत हवी आहे : गजकर्णाच्या बुरशीची तपासणी करणारी सामायिक प्रयोगशाळा

सप्रेम नमस्कार. आमच्या त्वचारोग विभागात टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या गोळ्या पूर्ण घेऊनही गजकर्ण पुन्हा उमटलेले रुग्ण वाढत आहेत. स्टेरॉइड मिसळलेले मलम आधीच लावून आलेल्यांच्या चट्ट्याची तर कडही धड ओळखू येत नाही, याचे फार वाईट वाटते. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेल्या बुरशीत स्क्वालीन इपॉक्सिडेझ (टर्बिनाफिन ज्यावर काम करते ते बुरशीतील विकर) याच्या जनुकातील बदलांमुळे टर्बिनाफिन निष्प्रभ ठरू शकते. म्हणून कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणे), औषधसंवेदनशीलता आणि जनुकक्रम या तिन्ही तपासण्या बाहेरच्या दवाखान्यांनाही माफक शुल्कात करून देणारी सामायिक प्रयोगशाळा महाराष्ट्रात कोठे आहे, हे कृपया कळवावे. चट्ट्यावरून खरवडलेला त्वचेचा कोंडा आम्ही काळ्या कागदाच्या घडीत ठेवतो. तो तसाच टपालाने पाठवलेला चालतो का, हेही जाणकारांनी सांगावे.